धावड्याचा डिंक आणि पत्रक क्रमांक सात

उकंडराव बाजाराच्या दिवशी बोलत नाही. मुका आहे असं नव्हे. उरलेले सहा दिवस गावाला त्याच्या बोलण्याचा तापच होतो. पण बाजाराच्या दिवशी तो तोतारामशेटच्या दुकानापुढे येतो, डिंकाच्या ढिगातून हरभऱ्याएवढा एक खडा उचलतो, धोतराच्या सोग्याला पुसून डाव्या गालात ठेवतो, आणि मग तो खडा पुरता विरघळेपर्यंत ब्रह्मदेव आला तरी त्याच्याशी बोलत नाही. चावायचं नाही, चोखायचं नाही, नुसतं धरायचं. कोणी रामराम केला तर एक बोट वर. त्याचा अर्थ : थांब.

एकदा एका साहेबानं घोड्यावरूनच त्याला बुलढाण्याचा रस्ता विचारला. उकंडरावानं बोट वर केलं. साहेब थांबला. घोडाही थांबला. तोतारामशेट घाबरून स्वतः रस्ता सांगू लागला, तर साहेबानं त्यालाच गप्प केलं. बोट वर करणाऱ्या माणसाला नक्की काहीतरी ठाऊक असणार, असं त्याला वाटलं असावं. बऱ्याच वेळानं उकंडरावाचा गाल सपाट झाला. तो म्हणाला, "बाभय हाये." साहेब मान डोलावून निघून गेला. आता आमच्याकडच्या कुठल्या रस्त्याला बाभळी नाहीत? तो बुलढाण्याला पोचला की नाही, कोण जाणे.

"बाभय हाये" हा निकाल होता. म्हणजे तोतारामशेट ज्याला धावड्याचा डिंक म्हणून विकतो आहे तो बाभळीचा आहे. असे निकाल उकंडराव दर बाजारी देतो. संग्रामपूरकडून, सातपुड्याच्या पायथ्यावरून, डिंकाचं एक लहानसं पोतं आमच्या बाजारी येतं. त्यात वर लाडवांसाठी सगळ्यांत चांगला समजला जाणारा धावडा असतो आणि खाली बाभूळ, हिवर, कधी कडुनिंब, कधी तर सलईसुद्धा, जी खरी धुपाटण्यात जायची. बाया दुकानाच्या आजूबाजूला उगाच वांगी चाचपत उभ्या राहतात. सगळ्यांचं लक्ष उकंडरावाच्या गालाकडे. शेट चिडतो, पण हाकलू शकत नाही. गिऱ्हाईक सगळं त्या गालाभोवतीच उभं असतं.

"जीभ खोटं बोलते बाबू," हे त्याचं ठरलेलं वाक्य, "पन खोटं चाखत नाही."

मी भेसळीच्या विरुद्ध आहे. सावकारीच्या, हुंड्याच्या, दारूच्या, विड्यांच्या आणि बुवाबाजीच्याही विरुद्ध आहे. खामगावच्या एका छापखान्यात माझी सहा पत्रकं छापून झाली आहेत. गावात मला माझ्या नावानं कमी आणि 'पत्रक' म्हणून जास्त ओळखतात, आणि हे नाव उकंडरावानंच पाडलं. तरीही सहाव्या पत्रकात मी त्याचा गौरव केला होता. 'भेसळखोरांनो, एका शेतकऱ्याच्या जिभेला भ्या!' असा मथळा होता. मी ते त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "वाचून झालं? आता हे कागद शेटले दे, पुड्या बांधायले."

त्याचं नाव बदलावं असा प्रस्तावही मी मांडला होता. उकिरड्यावरून माणसाचं नाव ठेवणं ही अंधश्रद्धा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे आणि ते मी त्याच्या तोंडावर सांगितलं. उत्तमराव हे नाव सुचवलं. तेव्हा तो खाटेवर उठून बसला.

"माह्या आंधी चार गेले बे. दर वक्ती मरन आलं, मायच्या दारातून उचलून घेऊन गेलं. मंग मायनं मले उकिरड्यावर ठेवलं, उकंडा म्हनलं. मरन आलं, म्हने हा त कचरा हाये, अन् गेलं वापस. आता ह्या वयात उत्तमराव नाव ठेवून त्याले माहा पत्ता देऊ काय?"

मी पुस्तकं चाळली. मग प्रस्ताव मागे घेतला.

माणसांच्या बाबतीतही त्याचं शास्त्र डिंकाचंच. डिंक तुपात टाकला की दोन गोष्टी होतात : एक तर तो लाहीसारखा फुलतो, नाहीतर कढईला चिकटून बसतो. माणसंही तशीच, असं तो म्हणतो. तापली की कळतात. तलाठी चिकटणारा. शाळेचे मास्तर फुलतात, पण आतून कच्चे. मी विचारलं, "अन् मी?"

"तू सलई. वास लय, फुगत नाही."

एकटाच राहतो. बायको जाऊन वर्षं झाली, मूलबाळ नाही. थोडी कपाशी, थोडी जवारी, एक म्हातारा बैल, त्याच्याशीही बोलतो. एवढ्यावर माणूस संपला असता तर मी हे लिहायला बसलो नसतो. पण गेल्या हिवाळ्यात माझ्या घरी एक गोष्ट घडली आणि हा माणूस मला कळेनासा झाला.

माझी थोरली बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. अक्का म्हणतो मी तिला. नाव लिहीत नाही, का ते पुढे येईल. मुलगा झाला आणि दुसऱ्या दिवशी गेला. अक्का वाचली, पण उठेना. भिंतीकडे तोंड करून पडलेली. न्हाणीपर्यंत जायचं तर मायच्या खांद्यावर. जवारीची पेज दोन घोट घ्यायची, पुन्हा भिंत. पंधरा दिवस झाले, महिना होत आला. सुईण येऊन पाहून गेली. म्हणाली, डिंक पोटात गेल्याशिवाय ही कंबर उभी राहायची नाही, आणि अशीच राहिली तर पोरगी हाती लागणार नाही.

मी मायला म्हणालो, "मग लाडू कर ना."

माय चुलीपुढे बसली होती. तिनं वर पाहिलं नाही. "लेकरू नाही घरात अन् लाडू वळत बसू? लोकं काय म्हनतीन? डिंकाचा लाडू दुधासाठी असते रे. दूध कोनाले पाजाचं?"

बाळंतपणासाठी आणलेलं खोबरं-खारीक तिनं आधीच दुसऱ्या बाळंतिणीच्या घरी पोचतं केलं होतं. डिंकसुद्धा. घरात ठेवणं तिला सोसलं नसावं. मला मात्र संताप आला. रूढी! मी मायला रूढीवर अर्धा तास सुनावलं. ती पेज ढवळत राहिली. मग म्हणाली, "तुले आनाचा त आन. मी नाही नाही म्हनत. पन माह्यानं आनवत नाही."

पुढल्या बाजारी मी तोतारामशेटकडे गेलो. धावड्याचा डिंक नव्हता.

"सकायीच गेला," शेट म्हणाला. "तुह्या उकंडकाकानं सगळा नेला. मागच्या बाजारीबी सगळा. बाभयीचा हाये, पाह्यजे काय?"

सगळा! बायको नाही, सून नाही, लेक नाही, सगळा धावड्याचा डिंक एका म्हाताऱ्याच्या घरात! माझ्या डोळ्यांपुढे अक्काची पाठ आली. बाभळीचा डिंक घेऊन घरी जावं एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. मला सुचलं सातवं पत्रक.

मी पद्धतशीर काम करणारा माणूस आहे. पुरावा हवा म्हणून मी आधी गावातल्या पाळणा असलेल्या घरांची यादी केली. त्या हिवाळ्यात नऊ घरी पाळणा हलत होता. प्रत्येक घरी जाऊन विचारलं : उकंडरावानं तुम्हाला डिंक दिला काय? विकला काय? नऊही घरी उत्तर एकच, नाही. लाडू बाभळीच्याच डिंकाचे झाले होते. मग डिंक जातो कुठे?

तीन दुपारी मी त्याच्या मागावर राहिलो. ऊन डोक्यावर आलं, माणसं वावरात गेली की उकंडराव घरातून निघायचा. काखेत फडक्यात गुंडाळलेले एक-दोन पितळी डबे. माळ्याच्या घरी मागच्या दारानं. साळ्याच्या घरी मागच्या दारानं. पिंजाऱ्याच्या घरी, तिथेही मागच्याच दारानं. आत जात नसे. डबा आत सरकवायचा, काहीतरी एक वाक्य बोलायचं, वळायचं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते डबे त्याच्या कुडाच्या भिंतीवर रिकामे ठेवलेले दिसायचे.

मी या घरांचीही यादी केली. पाच घरं. जात एक नाही, धंदा एक नाही, नातं नाही. आणि पाचांपैकी एकाही घरी पाळणा नाही! डिंक जातो तिथे बाळंतीण नाही. बाळंतीण आहे तिथे डिंक जात नाही. दोन्ही याद्या समोर ठेवून मी डोकं धरून बसलो. चोरटा व्यापार म्हणावा तर पाचही घरं गरीब. जादूटोणा म्हणावा तर माणूस बुवाला शिव्या देणारा. शेवटी ज्याला काही कळत नाही तो जे करतो तेच मी केलं. छापून टाकलं.

'साठेबाज उकंडराव जबाब द्या! बाळंतिणींच्या तोंडचा डिंक कोठे जातो?' पत्रक क्रमांक सात. खाली ठळक अक्षरांत : 'पाळणा असलेल्या नऊ घरांपैकी एकाही घरी डिंक पोचलेला नाही, हा आमच्याजवळ पुरावा आहे.'

बाजाराच्या दिवशी मी एका बैलगाडीच्या धुरेवर उभा राहिलो आणि पत्रक मोठ्यानं वाचू लागलो. गर्दी जमली. उकंडराव समोरच उभा होता, गालात खडा. निम्मं पत्रक वाचून झालं तेव्हा त्यानं बोट वर केलं.

"पाहा, पाहा!" मी ओरडलो. "उत्तर नाही म्हणून बोट वर!"

"तोंडात डिंक हाये रे त्याच्या," एक म्हातारा म्हणाला. "विरघयू दे ना. फाशी द्याची त गिळल्यावर दे."

लोक हसले. मला ते लागलं. मी खिशातून दुसरा कागद काढला. "तर मग ऐका! हा गृहस्थ दुपारी लपूनछपून कोणाकोणाच्या मागच्या दारी जातो, त्या पाच घरांची यादी माझ्याजवळ आहे. ती मी आता वाचतो. घर पहिलं..."

थूऽऽ.

उकंडरावानं खडा थुंकला. तोतारामशेट दुकानातून बाहेर आला. अशी गोष्ट कोणी पाहिली नव्हती.

"उतर खाली," उकंडराव म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "यादी मले दे."

"काऊन देऊ? जबाब द्या."

"देतो. माह्या घरी चाल. पन एक नाव तोंडातून काढशीन त तुह्या मायची आन हाये तुले."

मी उतरलो. मला वाटलं, जिंकलो. गुन्हेगार घाबरला. त्याच्या मागोमाग चालताना मी आठव्या पत्रकाचा मथळा जुळवत होतो.

घरात शिरलो तर चुलीपाशी सगळी मांडणी. परातीत किसलेलं खोबरं, खलबत्त्यात खारीक, फडक्यावर उन्हात कडक केलेला डिंक, गूळ झाकलेला. त्यानं चूल फुंकली, लोखंडी कढईत तूप सोडलं. धोतर खोचून उकिडवा बसला.

"बस. खारीक कुट."

"मी जबाब घ्यायला आलो आहे."

"हात हालवत घे."

मी खारीक कुटू लागलो. आता हे कसं घडलं ते मला अजून सांगता येत नाही. त्यानं मूठभर डिंक तुपात टाकला. खडे तडतडले, फुलले, पांढरे झाले. झाऱ्यानं काढता काढता तो बोलायला लागला.

"पाच घरं पाह्यली तू. कोनाच्या घरी पायना नाही म्हनतो. बराबर हाये. पन पायना बांधला होता का नाही, हे इचारलं कोनाले?"

मी बत्ता थांबवला.

"माळ्याच्या सुनेचं पोटातच गेलं. साळ्याचं पाच दिवसांचं होऊन गेलं. बाकीच्यांचं तुले सांगत नाही. लेकरू गेलं का घरातले खोबरं उचलून ठेवतात. मयताच्या घरी गोड कसं करावं, म्हनतात. अन् बाई? तिचं बायंतपन झालंच ना? तिची कंबर मोडलीच ना? हाडाइले काय मालूम बे, पायना हालून राह्यला का नाही ते?"

तूप पुन्हा तडतडलं. मी भांडलो. "पण मग ज्यांच्या घरी पाळणा आहे त्यांनी बाभळीचा का खावा?"

"त्याइच्या घरी मामा आनते, आजी आनते, साऱ्या गल्लीचं लक्ष असते. बाभयीचेबी लाडू चांगलेच होतात. ज्या घरी कोनीच आनत नाही तठी मी आनतो. मंग चांगलाच काऊन आनू नाही?"

"मग उघड का देत नाही? मागच्या दारानं का?"

"पुढच्या दारानं गेलो त सासूले लाज वाटते, नाही म्हनते. मागून गेलो त पोरीच्या हातात पडते. म्हनतो, दयन ठेवून राह्यलो, उंदरापासून जपा. तिले समजते. मले समजते. तिसऱ्याले समजाचं काम नाही." झारा माझ्याकडे रोखून तो म्हणाला, "अन् तू गाडीवर चढून नावं वाचत होता."

मी ओरडलोच, "मग आमच्या घरी का नाही आलात? महिना झाला, अक्का भिंतीकडे तोंड करून पडली आहे! आमचं मागचं दार दिसलं नाही तुम्हाला?"

त्यानं गूळ फोडला. खूप वेळ फोडत राहिला.

"दोन वक्ता आलो होतो डबा घेऊन. कुंपनापर्यंत. तू वसरीत बसून लिहत होता. म्हनलं, हा पाह्यन, इचारन, अन् छापन. पोरीचं दुःख बाजारात वाचून दाखवन." मग जरा हळू, "गेलो वापस. चुकलंच माहं."

नाही, त्याचं चुकलं नव्हतं. मी छापलं असतं. 'एका अंधश्रद्धेचा बळी', मथळासुद्धा मला दिसला.

लाडू वळून झाले. मी म्हणालो, माफीचं पत्रक काढतो. तो म्हणाला, "काही काढू नको. माहं नाव त छापलंच तू, आता काय लिहाचं ते लिही. बायाइचं नाव लिहू नको." ती अट मी इथे पाळली आहे, जात-धंदा लिहिला तोही अदलाबदल करून. मग त्यानं डबा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला.

"अक्काले काय सांगू?" मी विचारलं. "दळण म्हणू?"

"तुह्या घरी तूच मागचं दार. खरं सांग. म्हन, बायंतिणीसाठी हाये."

घरी माय अंगणात होती. तिनं डबा पाहिला, फडकं ओळखलं की वासावरून कळलं कोण जाणे, पण ती बाजूला झाली. मी अक्काच्या खाटेशी बसलो. तिच्या पाठीलाच म्हणालो, "उकंडकाकानं पाठवलं."

"कोनासाठी?" भिंतीकडूनच.

"बाळंतिणीसाठी."

ती वळली. महिन्यानं मी तिचं तोंड नीट पाहिलं. "कोन म्हनलं असं?"

"काका."

"मले अजून कोनी बायंतीन म्हनलंच नाही रे," अक्का म्हणाली. "सारे म्हनतात, झालं गेलं विसर." मग तिनं हात पुढे केला. लाडू खाता खाता ती रडली, पण खाल्ला; आणि दारात उभी राहून माय रडली. मी बाहेर गेलो आणि उरलेली पत्रकं चुलीसाठी रचून ठेवली. एका कामाला तरी आली.

आठ दिवसांत अक्का भिंतीला धरून न्हाणीपर्यंत गेली. मग अंगणापर्यंत. डबा संपला तेव्हा माय उठली, मला बाजारात पाठवून बाभळीचा डिंक आणवला, आणि अंगणात, भर दिवसा, रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला वास जाईल अशी चूल मांडून तळला. शेजारणीनं विचारलं, "काय वं, काय कार्यक्रम?" माय म्हणाली, "माही लेक बायंत झाली हाये." यापेक्षा चांगलं पत्रक मला लिहिता आलेलं नाही.

डबा परत द्यायला मी गेलो. मायनं तो घासून लखलखीत केला होता आणि आत पाच लाडू घातले होते. उकंडराव ओसरीत बसला होता. कपाशीची वेचणी चालू होती; समोरून बाया कमरेला झोळ्या बांधून वावरात चालल्या होत्या. त्यानं डबा हातात घेतला आणि वजनानंच चपापला. झाकण उघडलं.

"हे कोनाचे?"

"मायनं पाठवले. रिकामा डबा परत कसा करायचा?"

"मले रिकामाच येते," तो म्हणाला. "भिंतीवरून."

मी म्हणालो, खा. त्यानं लाडू उचलला नाही. रस्त्यावरच्या बायांकडे पाहत राहिला. सहा दिवस बडबडणारा माणूस, आणि तो बाजाराचा दिवसही नव्हता. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. काय चुकलं ते कळेना.

"माही बायको दोन वक्ता बायंत झाली, लेकरू एकबी राह्यलं नाही," तो म्हणाला. "दोन्ही वक्ता मी वावरात. संध्याकाळी आलो त घर सारवून ठेवलेलं. जसं काही झालंच नाही. म्यांबी तिले काही इचारलं नाही. मले वाटे, हे बायाइचं काम हाये, बाया पाहतीन."

"मग?"

"दुसऱ्या वक्ती अशीच वेचनी होती. पाचव्या दिवशी ती म्हने, मी येतो वेचाले. मानसं कमी होते. मी हाव म्हनलं." त्यानं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं. "तिले वाकता येत नव्हतं, पत्रक. कापसाची झोयी मीच बांधून देल्ली तिच्या कमरेले."